मंगळवारची गोळी

"माझा मासा कुठाय?"

"मांजरानं नेला."

"आपल्याकडे मांजर नाही, एकुआ!"

"मग नर्सबाईंनी नेला समज. त्यांनीच सांगितलंय, खारवलेला मासा बंद."

"पण मला कुठं काय दुखतंय?"

"हा रक्ताचा दाब दुखत नाही म्हणे. गुपचूप डोक्यात शिरतो, काळजात शिरतो, मूत्रपिंडं खातो."

"तू असताना या घरात गुपचूप शिरायची कुणाची छाती आहे?"

शेजारच्या नवराबायकोचं हे भांडण मी भिंतीआडून ऐकलं त्याला बरीच वर्षं झाली. एकुआचा नवरा कोबिना आमच्या गावचा दवंडीवाला. लोखंडी घंटा बडवत गावभर फिरायचा. आवाज असा, की होडीतल्या माणसाला किनाऱ्यावरची बातमी कळावी. त्या आवाजाचा त्याला भारी तोरा.

नर्सबाईंनी दिलेली दाबाची गोळी रोजची होती. हा बाबा फक्त मंगळवारी घ्यायचा. मंगळवारी आमच्यात कुणी समुद्रावर जात नाही. समुद्राचा देव त्या दिवशी विसावतो, होड्या वाळूत पडून राहतात. कोबिना म्हणे, "समुद्राला मंगळवारी विसावा, तसा रक्तालाही. बाकीचे दिवस त्यानं उसळायलाच हवं."

दवाखानाही मंगळवारचाच. नर्सबाई विचारायच्या, "आजोबा, गोळी घेतली?"

"घेतली की, सकाळीच!"

खोटं काहीच नव्हतं. पण दाब तरी उतरेना. बाई बिचाऱ्या दुसरं यंत्र आणून बघायच्या.

मग एका शनिवारी भर बाजारात त्यानं घंटा वाजवली, तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना. तोंड एका बाजूला ओघळलं. लोकांना वाटलं, नक्कल करतोय. टाळ्या पडल्या. एकुआ मात्र धुरावलेल्या माशांची टोपली टाकून धावली.

वाचला. हातपाय पुन्हा हलू लागले, पण दवंडीचा तो आवाज काही परत आला नाही. मंगळवारचा हिशेब त्यानं बोबड्या जिभेनं नर्सबाईंना सांगितला, तेव्हा बाईंनी कपाळावर हात मारला. तो रडला मात्र घंटेसाठी. आता ती दुसऱ्याकडे जाणार!

एकुआ तडक मुखियासमोर उभी राहिली. "घंटा ह्यांची, गळा माझा. जमतंय का बोला." तिच्या गळ्याला नाही कोण म्हणणार?

तेव्हापासून दर सोमवारी संध्याकाळी जोडी निघायची. तो घंटा हाणायचा, ही ओरडायची, "उद्या दवाखाना हो! दाबाची गोळी रोज घ्या! मंगळवारचीच घेणाऱ्याचं तोंड बघायचंय? हे बघा, शेजारीच उभंय!" कोबिना मान वळवून वाकडं तोंड सगळ्यांना नीट दाखवायचा. गोळी आता रोज घ्यायचा, अगदी मंगळवारीसुद्धा. त्यावर पुष्कळ वर्षं काढली त्यानं.

तो गेला त्याआधीच्या शेवटच्या सोमवारीही तसंच. दवंडी झाली, तोंड दाखवून झालं. माझ्या दारात थांबून त्यानं नेहमीसारखं पातेल्यात डोकावलं. आत खारवलेला मासा होता. मी नेहमीसारखं झाकण ठेवलं. त्यानं माझ्या कानाशी एक घंटा हाणली आणि एकुआच्या मागून पुढच्या गल्लीत वळला.