कण्हेरीचं कुंपण

खापरखेड्याच्या वसाहतीत कुणाला अंगणात झाड लावायचं झालं, की तो आधी कौशल्याला विचारायचा. तिचं उत्तर ठरलेलं: कण्हेर लावा. धुळीत टिकते, पाऱ्याने पंचेचाळीस गाठले तरी फुलायची थांबत नाही, आणि पान इतकं कडू की गुरं तोंड लावत नाहीत. या शेवटच्या गुणाचं तिला भारी कौतुक. एवढी जाणती बाई, पण छाटलेली फांदी वाळली की पानाचा कडूपणा उतरतो, विष मात्र तसंच राहतं, हे तिच्या गावीही नव्हतं.

जुलैत पावसाने उघडीप दिल्यावर तिने कुंपण छाटलं आणि फांद्या मागच्या नालीकाठी टाकल्या. चार दिवसांनी शेजारच्या जिजाबाईंची बकरी त्या ढिगापाशीच पाय झाडत मेली. कौशल्या आधी पोचली. बकरीच्या तोंडातली वाळली पानं तिने बोटांनी काढली, ढीग पोत्यात कोंबला, आणि मगच जिजाबाईंना हाक मारली.

जिजाबाई एकट्या राहत. त्या बकरीला चांदी म्हणत, तिच्याशी दिवसभर बोलत. दर सोमवारी महादेवाला वाहायला कौशल्याच्याच कुंपणाची पांढरी फुलं नेत. आदल्या सोमवारी गुडघे दुखले म्हणून त्यांचं जाणं राहिलं होतं. तोच दोष त्यांनी उराशी धरला. देव कोपला म्हणाल्या आणि अन्न सोडलं. दोन वेळा काळा चहा, बस. कौशल्या रोज डबा न्यायची आणि भरलेलाच परत आणायची. सांगायचं अगदी ओठांवर यायचं. पण तिला लाज वाटत होती, आणि लाजेहून जास्त भीती.

पुढच्या सोमवारी जिजाबाई भिंत धरत धरत परडी घेऊन कुंपणाशी आल्या. तीन वेळा ओढूनही फूल तुटेना. कौशल्याला ते बघवलं नाही.

"मावशी, देव नाही कोपला," ती म्हणाली. "माह्याच कण्हेरीनं मेली चांदी. छाटलेली वाळली पानं खाल्ली तिनं. मी पाह्यलं, अन् लपवलं."

जिजाबाईंनी हातातली फांदी सोडली.

"बकरीचं सोड. ते चुकून झालं," त्या म्हणाल्या. "पण मी उपाशी मरून राहिली होती, अन् तू मले डबा घेऊन येऊन राहिली होती. खरं काहून नाही सांगतलं वं?"

जिजाबाई परडी तिथेच ठेवून घरात गेल्या आणि त्यांनी आतून कडी लावली.