त्याला जिताडा मिळाला नाही

टेम्पोची चावी त्याने उपटून खिशात घातली तेव्हा माझा नवरा मागे, माशांच्या रिकाम्या खोक्यांमध्ये, छाती धरून पडला होता.

"भायेरची गाडी पेशंट नाय नेणार," तो म्हणाला. तो खासगी अॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर. "हितं आमची लाइन हाय."

"तू सांगतोस तेवढं भाडं आमच्याकडं नाय."

"ते मालकाला सांग, मावशे."

पनवेलच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने नवऱ्याला ताबडतोब मुंबईला न्यायला सांगितलं होतं. सरकारी अॅम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. फाटकाबाहेर तीन खासगी गाड्या होत्या. तिन्हींवर वेगळी नावं आणि भाव एकच, रुपयाचा फरक नाही. मी चौथीपर्यंत शिकले, पण मासे विकण्यात म्हातारी झाले. तीन पाट्यांत एकाच होडीचे बोंबील असले तर मला लांबून कळतं. पूर्वी तिथे दोन मालक होते, तेव्हा घासाघीस चालायची. मग मोठ्याने छोट्याच्या गाड्या विकत घेतल्या आणि नावं तशीच ठेवली.

भांडण्यात वेळ गेला. शेवटी आमचे मासे वाहणाऱ्या त्या टेम्पोवाल्याने कुठून तरी पैसे आणले आणि नवऱ्याला त्यांच्याच गाडीत घातलं. वाशीचा पूल यायच्या आधी नवरा गेला. भाडं मुंबईपर्यंतचं घेतलं.

लोक म्हणाले, देवाची मर्जी. चावी देवाने काढली नव्हती.

मालकाला मी ओळखत होते. जमीन विकून आलेल्या पैशांतून त्याने गाड्या घेतल्या होत्या. पुढे त्याच्या मुलीचं लग्न ठरलं आणि व्याही पहिल्यांदा जेवायला यायचे होते. आमच्याकडे अशा पाहुण्याला जिताडा वाढतात. नाही वाढला तरी पाहुणा जेवतो, पण मग गावभर सांगत सुटतो.

तो सकाळीच बाजारात आला. माझ्या पाटीत खाडीतला मोठा जिताडा होता.

"कितीला, मावशे?"

"इकायचा नाय."

"मग काय पूजेला ठेवलाय?"

"तसंच समज."

तो हसत शेजारणीकडे गेला. तिनेही नाही म्हटलं. पुढचीनेही. मी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, आणि एकीच्या घरात मयत झालं असलं की बाकीच्या तिचा शब्द मोडत नाहीत. शेवटी बसणारीचा मुलगा त्याचीच गाडी चालवायचा.

"तुझा पोरगा माझ्या जिवावर खातो," तो तिला म्हणाला.

तिने माशांवर ओलं गोणपाट ओढलं. "तो खातो. मी नाय खात."

दुप्पट देतो म्हणाला. कोणी मान वर केली नाही. मग तो माझ्याकडे परत आला. "सगळ्या मिळून माणसाला असं अडवतात का?"

"माझा नवरा तुझ्या गाडीत मेला."

"मला कसं ठाऊक? रोज किती येतात."

"आता ठाऊक झालं."

व्याह्यांना ब्रॉयलर कोंबडी वाढली म्हणे. ही गोष्ट त्यांनी पार कोन गावापर्यंत पोचवली. ऐकून मला बरं वाटलं. अजून वाटतं. त्या बाईच्या मुलाला त्याने दुसऱ्या दिवशी कामावरून काढलं. त्याचं वाईट वाटलं, पण थोडंच.

माझ्याकडून कोळंबी नेणाऱ्या वकिलाला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सगळा धंदा एकट्याच्या हातात घेऊन लोकांना अडवणं कायद्यात बसत नाही, मावशी. दिल्लीला त्यासाठी आयोग आहे, तिथे तक्रार करता येते. पण अडवणूक तुम्हीही केलीत."

"केली. मला पण पकडा. आधी त्याला पकडा."

तो कोळंबी घेऊन गेला. दिल्लीहून कोणी आलं नाही. फाटकाबाहेर तीन गाड्या आहेत, भाव एकच आहे. आमच्या बाजारात मालकाला अजून कोणी मासा देत नाही आणि मी असेपर्यंत देणार नाही.

नवरा मेला. मी जिवंत आहे.