गोलाईची उलटी फेरी

नांदेडात मुलाच्या घरी मला चार दिवस बसवत नाही. सोफ्यावर टेकलं की पाय आपोआप हलायला लागतात. शहर मात्र आवडतं. सकाळी गोदावरीच्या घाटावर जायचं, तिथून गुरुद्वाऱ्यात. तिथं कोण कुठला हे न विचारता पंगतीत बसवतात. दोन्ही हात पुढं केले की पोळी मिळते. रस्ता चुकला तर नदी कुठं म्हणून विचारायचं.

या खेपेला लातूरला लेकीकडं एकटी निघाले. मुलगा म्हणाला, "हरवलीस ना माय, तर यापुढं एकटीनं फिरणं बंद." मी मान डोलावून "हाव" म्हणाले आणि एसटीत चढले.

लातूर शहरात नदी नाही. एका उन्हाळ्यात तिथं आगगाडीनं पाणी आणलं होतं. पण मधोमध गोलाई आहे, निजामाच्या काळातला गोल बाजार. आत देवीचं देऊळ, बाहेर सोळा रस्ते. एकावर सोनं, एकावर चपला, एकावर भांडी. नव्या माणसाला सगळे सारखेच.

तिथं लेक कापड बघायला एका दुकानात शिरली. "इथंच थांब," म्हणाली. मी थांबले नाही. बांगड्या बघत पुढं गेले, परत दुकानात आले तर ती गायब. माझा फोन तिच्याच पिशवीत. आता तिनं भावाला कळवलं तर माझं एकटीनं फिरणं बंदच.

देऊळ उजव्या हाताला ठेवून मी गोल फिरायला लागले. एक फेरी झाली, दुसरी झाली. गुळाचा वास दोनदा आला, लेक नाही आली.

मिरची विकणारी बाई म्हणाली, "मावशी, नवस हाय का? हिरव्या साडीवाली एक बाई बी अशीच फिरून राहिली."

"कुणीकडून?"

"तुमच्यासारखीच. तुम्ही गेल्या की ती येती."

तेव्हा कळलं, हिरव्या साडीवाली माझी लेकच, आणि आम्ही दोघी एकाच दिशेनं फिरतोय. देवळाला उजवी घालून चालायचं, हे तिला मीच शिकवलेलं.

"बसा हितं, येईल ती," बाई म्हणाली.

मला बसवत असतं तर हरवले कशाला असते? देवीला मनात सांगितलं, आज चालवून घे. आणि उलटी वळले.

भांड्यांच्या दुकानापाशी लेक समोर आली. कानाला फोन.

"माय, देवळाला उलटी?"

"सुलटी फिरून तू कुठं सापडलीस?"

"दादाला लावलाय. वाजून राहिला."

मी फोन घेतला. पलीकडून मुलगा म्हणाला, "काय झालं?"

"काही न्हाई. उद्या औशाचा किल्ला बघायला जाते."

"कुणासोबत?"

"एकटीच. सापडते की मी."