चार डोळ्यांचा नियम

एका गिऱ्हाईक बाईंच्या घरून कारखान्यात परतताना आम्ही पूल ओलांडला होता. तो माझ्या चार पावलं पुढं, दोन्ही हात अंगापासून जरा लांब सोडून चालला होता. मी म्हटलं, अरे बाबा, जरा हळू, माझे गुडघे आता ऐकत नाहीत. तो थांबला, पण मी जवळ पोचताच पुन्हा पुढं झाला. कुणाबरोबरही चालताना तो पुढंच राहायचा. मागच्याला आपले हात दिसत राहावेत, ही सवय त्याला तुरुंगानं लावली होती.

बस मिळाली असती. पण गर्दीच्या बसमध्ये तो चढत नसे. कुणाचं पाकीट गेलं तर पहिली नजर आपल्यावर येईल, ही धास्ती. म्हणून सव्वा तास चालत गेलो होतो आणि आता तेवढंच चालत परत निघालो होतो. साडेचार होऊन गेले होते. सहाच्या आत एक मोत्याचं कानातलं सापडलं नाही, तर ज्यांचं ते होतं त्या बाई पोलिसांत जाणार होत्या. त्याच्या नावानं तक्रार म्हणजे काय, हे आम्हां दोघांनाही माहीत होतं. चांगल्या वागणुकीबद्दल त्याला लवकर सोडलं होतं. उरलेलं दीड वर्ष त्याची वाट बघत तसंच उभं होतं.

माझ्या थोरल्या भावाचा सोफे दुरुस्तीचा कारखाना आहे. मी तिथं मशीनवर कव्हरं शिवते. हा वर्षापूर्वी आमच्याकडं आला तो खाली मान घालून. आधी ड्रायव्हर होता. ज्यांची गाडी चालवायचा त्यांच्या घराची किल्ली त्यानं एका दुपारपुरती दोघा ओळखीच्यांना दिली, आणि ते घर धुऊन निघालं. हे त्यानं स्वतःच सांगितलं. तुरुंगात खुर्च्या विणायला शिकलो, एवढंच वर जोडलं. दादा म्हणाला, हात चालतात ना, मग बस त्या कोपऱ्यात.

आम्ही त्याला मौनीबुवा म्हणायचो. कापड ठोकताना बारीक खिळे ओठांत धरायची रीत आहे. एकेक काढायचा नि ठोकायचा. हा मात्र दिवसभर तोंड भरून बसायचा, हातात नुसती सुतळी असली तरी. तोंडात खिळे असले की कुणी विचारपूस करत नाही, हे मला फार उशिरा उमगलं.

दादाचा कडक नियम एकच. सोफ्याची सीट एकट्यानं उसवायची नाही, दोघं हजर पाहिजेत. कारण आत काय काय निघतं. नाणी, कंगवे, पेन्सिली. एकदा खालची कवळी निघाली, आणि गिऱ्हाईक बोळक्या तोंडानं ती आमची नव्हेच म्हणून आम्हांलाच दटावत होतं. जे निघेल ते दोघांच्या सह्यांच्या चिठ्ठीसकट डब्यात जायचं. चार डोळ्यांचा नियम, दादा म्हणायचा.

तो नियम त्या दिवशी ह्यानं मोडला. तीन महिन्यांपूर्वी दादानं त्याला कारखान्याची किल्ली दिली होती. तुरुंगातल्यासारखी पहाटेच जाग यायची, म्हणून बायको-मुलीची झोपमोड नको असं म्हणत तो सगळ्यांच्या आधी येऊन बसायचा. दादा फोम आणायला परगावी गेला होता. तो परतेपर्यंत त्या बाईंचा दुरुस्तीला आलेला सोफा मोकळा करून ठेवावा, तेवढीच शाबासकी मिळेल, ह्या हौसेनं ह्यानं एकट्यानंच सीट उसवली. मी नऊला पोचले तेव्हा पायरीवर बसला होता. तळहातावर मोत्याचं एक कानातलं होतं. तोंडात खिळे नव्हते.

"परत आत टाकून शिवून टाकावं म्हटलं," तो म्हणाला, "तर सुईत दोरा ओवेना."

दादाचा फोन लागत नव्हता. बाई दुपारी घरी असतील असं कळलं. मीच म्हटलं, चल, देऊन येऊ, मी आहे ना साक्षीला. कशाची साक्ष देणार होते, देव जाणे.

बाईंनी ते खिडकीशी नेऊन उजेडात धरलं. आईचं आहे म्हणाल्या, डोळे भरून आले त्यांचे. मला वाटलं, सुटलो. मग त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, "आणि दुसरं?"

दोन्ही एकाच दिवशी हरवली होती. कुणी सांगितलं नसताना ह्यानं दोन्ही खिसे उलटे करून दाखवले.

"खिसे काय दाखवतोस? खिशात घालून इथवर कोण येतं?"

मग त्यांनी विचारलं, उसवताना कोण कोण होतं. मी होते, असं म्हणायला मी तोंड उघडलं. रोज देवापुढं दिवा लावणारी बाई मी, पण बेधडक खोटं बोलणार होते. माझ्याआधी तो बोलला. "मी एकटाच होतो." बाईंनी घड्याळाकडं बघितलं आणि सहाची मुदत दिली.

परतीच्या वाटेवर मला त्याची पाठ दिसत होती, आणि माझी नजर त्याच्या चपलांवर, कमरेपाशी, शर्टाच्या दुमडीवर जात होती. मनात नाम चालू होतं. नामाच्या मधेच विचार यायचा, घेतलं असेल तर? माझीच मला लाज वाटली, पण नजर हटेना.

मागं न बघता तो म्हणाला, "मलाही तेच वाटतंय, ताई. मीच कुठं ठेवलं आणि मला आठवत नाही की काय. एकदा केलंय ना मी."

हे ऐकून मला खरी भीती वाटली. पोलिसांची नव्हे. माणूस स्वतःच्याच हातांवर असा अविश्वास ठेवून किती दिवस चालेल, ह्याची.

कारखान्यात पोचलो तेव्हा साडेपाच होऊन गेले होते. त्यानं कात्री माझ्या हातात दिली आणि स्वतः भिंतीशी जाऊन उभा राहिला, हात पाठीमागं. तिथून सांगू लागला. डाव्या हाताची बाजू उसवा. खालचा पट्टा सैल असतो, सगळं तिकडं घरंगळतं. मी कापत गेले. काथ्या निघाला, स्प्रिंग निघाली, एक बटण, धुळीचे गोळे. कात्री दोनदा निसटली. त्याच्याकडं बघायचं धाडस होत नव्हतं. फक्त श्वास ऐकू येत होता, धावून आलेल्या माणसासारखा.

लाकूड आणि पट्ट्याच्या खाचेत कुजलेला एक रुमाल चिकटला होता. त्याच्या गाठीत ते होतं. एक कोपरा फाटून पहिलं तेवढं बाहेर घरंगळलं असणार.

मी फोन लावला. सहाला सात कमी होते. दुसरंही सापडलं म्हणून सांगितलं. बाई म्हणाल्या, "ह्या कानातल्यांपायी मी कामवालीला घालवलं होतं हो." आणि फोन ठेवला.

मी त्याला म्हटलं, बस आता, पाणी पी. तो भिंतीपासून हलला नाही. हात अजून पाठीमागंच होते. मग त्यानं ते पुढं आणले, गळ्यातल्या दोऱ्यातली कारखान्याची किल्ली सोडवली आणि माझ्या मशीनवर ठेवली.

"ताई, ही तुमच्याकडं राहू दे," तो म्हणाला. "सकाळी मी पायरीवर बसत जाईन. तुम्ही या, मग उघडू. मला आत एकटा सोडू नका."