चार कप्प्या आणि एक गाठ

मुंबईच्या गोदीत तीस वर्षं दोर ओढून माझा उजवा खांदा कामातून गेला. निवृत्त होऊन गोंदिया जिल्ह्यात सालेकशाकडच्या गावी परतलो तेव्हा भंगारात निघालेली शिडाची एक छोटी होडी ट्रकवर घालून आणली आणि गावतलावात सोडली. लोक पाळीवर उभे राहून हसायचे. हसू देत. पण शिडाचा दोर ओढताना खांद्यातून अशी कळ निघायची की डोळ्यांपुढे काजवे चमकत. गावात हे कोणाला कळू दिलं नाही. बायकोनं मात्र निकाल लावला होता : "परत खांदा धरून घरी आलात, तर होडी विकायची." माझ्या दिवसांत त्या होडीशिवाय दुसरं काही उरलं नव्हतं.

म्हणून कप्प्या वाढवल्या. शिडाखालच्या आडव्या वाशापासून दोर दोन कप्प्यांतून यायचा, तो चारांतून घेतला. गोंदियात मिळतात त्या विहिरीच्या लोखंडी घिर्र्या नकोत. लोण्यासारख्या फिरणाऱ्या मागवल्या. दोर मात्र जुनाच ठेवला. तसला दोर आता मिळतो कुठे? पहिल्याच दिवशी शीड दोन बोटांनी आत आलं. मी एकटाच मोठ्यानं हसलो.

दोर निसटू नये म्हणून त्याच्या टोकाला गाठ मारायची, ही गोदीतली सवय. तरी तिसऱ्या दिवशी तलावाच्या मध्यावर दोर सळसळत चारही कप्प्यांतून निघून गेला. शीड फडफडत राहिलं आणि मला वल्ही मारत परत यावं लागलं. खांदा ठणकत होता, तो बायकोपासून लपवला. दोराचं टोक पाहिलं तर गाठ नाही. माझी गाठ आपोआप सुटत नसते.

संशय कोणावर घ्यायचा हे शोधावं लागलं नाही. तलावाच्या कोपऱ्यात शिंगाड्याचे वेल लावणारा, जाळं टाकणारा एक म्हातारा होता. दिवाळीआधी माझी होडी त्याच्या वेलांत घुसली होती. त्यानं माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला, मीही काही राखून ठेवलं नाही, तेव्हापासून बोलणं बंद. मी चहाला घरी गेलो की होडीजवळ फक्त त्याचाच डोंगा असे.

पुन्हा गाठ मारली आणि बाभळीआड लपून राहिलो. तोच आला. आपलीच वस्तू असल्यासारखा होडीत चढला, नखांनी गाठ सोडवली, दोर नीट गुंडाळून ठेवला आणि गेला. गुंडाळून ठेवला, याचाच मला जास्त राग आला. वर हा साळसूदपणा! मी गाठ परत मारली आणि या खेपेला दाभणानं सुतळी घालून शिवून टाकली. आता सोड म्हणावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा एकाएकी वाढला. मी दोर सोडून दिला. तो धावला आणि अर्ध्यावरच गाठ कप्पीत जाऊन बसली. शिडाला बाहेर जायला जागाच राहिली नाही, सगळा वारा त्यातच भरला, होडी कलंडली आणि मी पाण्यात. कप्प्या दुप्पट केल्या की दोरही दुप्पट लांब लागतो, हे गोदीत मी कितीजणांना शिकवलं होतं! आज दोर नवा आहे, पुरेसा लांब, आणि बायकोची बरीच बोलणी खाऊन होडीही राहिली आहे. पण त्या दुपारी मी एका हातानं उलट्या होडीला लोंबकळत होतो.

म्हातारा डोंगा हाणत आला. "दोर आखूड हाय तुहा! रोज गाठ सोडून राहिलो मी, अन् तू शिवून टाकली? पाण्यावरच्या दोराले गाठ नाई मारत आमी. जाते तर जाऊ द्याव."

"मग सांगायचं नाही का?" मी पाणी थुंकत म्हणालो.

"बोलत होता काय तू माह्यासंगं?"

त्यानं हात पुढे केला. दम संपत आला होता, तरी मी तो लगेच धरला नाही. आधी त्याच्या दुसऱ्या हातात काय आहे ते पाहिलं. वल्हं होतं. माझी नजर त्याला कळली. त्यानं वल्हं डोंग्यात टाकलं.

मी उजवा हात उचलायला गेलो.

"उजवा नोको," तो म्हणाला. "दुखते ना तो? डावा दे."

मला भयंकर लाज वाटली. मी डावा हात दिला.