वासाची वजावट

माझ्या साडूंइतका भांडणावर जीव असलेला माणूस मुंबईच्या उपनगरांत दुसरा झाला नसेल. त्यातही दुसऱ्याचं भांडण म्हणजे त्यांना पंगतीचं आमंत्रणच. स्वतःच्या भांडणात त्यांना गोडी नव्हती. शेजाऱ्याने त्यांची बादली पळवली तरी म्हणायचे, "असू दे रे, त्याला लागत असेल." पण तुमच्यावर अन्याय झालाय एवढं नुसतं कानावर पडू दे, की त्यांचे डोळे लकाकायचे आणि त्यांना सडकून भूक लागायची. माझी मेहुणी सांगायची, "हे चौथी भाकरी मागायला लागले की मी ओळखते, कुणाचं तरी कुठेतरी वाजलंय." मग इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल आणि पावसाळा असो वा नसो, काखेत छत्री. "छत्री मारायला नाही रे," ते मला समजावत, "मुद्दा मांडताना हातात काहीतरी लागतं."

एकदा लाँड्रीवाल्याने माझ्या शर्टाचं बटण तोडलं आणि दुसरं लावून दिलं, पण ते बाकीच्या बटणांपेक्षा जरा जास्तच पांढरं. साडूंनी सबंध संध्याकाळ त्याच्या दुकानात काढली. धुलाईचे पैसे परत द्यायला तो बिचारा लगेच तयार झाला होता. "पैशाचा प्रश्नच नाही यार, मुद्दा वेगळा आहे!" असं म्हणत यांनी छत्री नाचवली. शेवटी त्याने सगळीच बटणं बदलून दिली आणि वर यांना चहा पाजला. पुढच्या आठवड्यात तोच लाँड्रीवाला आपल्या गाळ्याच्या भाड्याचं गाऱ्हाणं घेऊन कांजूरमार्गला यांच्या घरी हजर! यांच्याशी भांडलेली माणसं अशी यांच्याच घरी चहा पिताना सापडत.

अशा माणसाच्या कानावर आमच्या डिपॉझिटची गोष्ट गेली, मग काय विचारता!

आम्ही तेव्हा कांदिवलीला भाड्याने राहत होतो. दहिसरला सोसायटीत घर नोंदवलं होतं आणि शेवटचा हप्ता भरला की किल्ली मिळणार होती. तो हप्ता भरायचा होता या डिपॉझिटमधूनच. तो चुकला तर घर दुसऱ्याला देऊ, असं सोसायटीने स्वच्छ कळवलं होतं. सामान बांधून झालं आणि वरच्या मजल्यावर राहणारे आमचे घरमालक खाली आले. मालवणकडचे, वयस्कर, गळ्यात माळ. घर देतानाच त्यांनी एकच अट घातली होती, घरात मासे शिजायचे नाहीत. ती आम्ही कोकणातली माणसं असूनही पाळली होती. तुकडी खावीशी वाटली की दोन गाड्या बदलून कांजूरमार्ग गाठायचो. मालक स्वयंपाकघरात गेले, ओट्यामागच्या भिंतीशी नाक नेलं आणि म्हणाले, "माशाचो वास येता. सगळो रंग काढूक लागतलो." रंगाच्या नावाने निम्मं डिपॉझिट कापून घेणार होते. माझी तर वाटच लागली. आमची ही ट्रंकेवर बसून रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडू दारात उभे. शर्ट, तेल, छत्री, आणि वाटेत खाल्लेल्या चार बटाटेवड्यांचा तेलकट कागद. "वासाची वजावट!" ते आनंदाने ओरडलेच. "अरे, खिळ्यांची ऐकली, फुटक्या काचेची ऐकली, पण वासाची? झकास! असं प्रकरण जन्मात एकदा मिळतं रे!"

"भावजी, पण पैसे मिळतील ना?" हिने विचारलं.

"मिळतील गं! मुद्दा बिनतोड आहे. मासे तुम्ही खाल्ले माझ्या घरी. मग वास कुणाच्या घराला यायला हवा? माझ्या! तेव्हा रंग काढायचाच असेल तर मालकांनी माझ्या घराला काढून द्यावा!"

मालकांना बोलावलं. साडूंनी स्वतः भिंत हुंगली. वर, खाली, कोपऱ्यात, गुडघे टेकून ओट्याखालीसुद्धा. मग मला हुंगायला लावली, हिला लावली. वास होता तो चुन्याचा, दुसरा कसलाच नाही. साडू उठले, गुडघे झटकले आणि त्यांची उलटतपासणी सुरू झाली.

"काका, वास येतो म्हणता. कसला? बांगड्याचा?"

"बांगडो नाय."

"बोंबलाचा?"

मालकांनी डोळे मिटले. "सुक्या सुंगटांचो. किसमूर. ओल्या खोबऱ्याची, वर कच्चो कांदो... आणि कोकम जरा जास्तच."

साडूंच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला! छत्री वर गेली. "सापडलात काका! आमच्या दोघांच्या बायका, या दोघी बहिणी, सुक्या कोळंबीला हात लावत नाहीत. लहानपणापासून त्यांना चालत नाही! या घरात किसमूर केली कुणी मग?"

मालकांनी डोळे उघडले. मग म्हणाले, "आमची ही करी. वरचो मजलो बांधूच्या आधी आम्ही हयसरच रवायचो. ती गेली नि मी माळ घातली."

छत्री हवेतच होती. खटला जिंकला होता, फक्त तसं म्हणायचं बाकी होतं, आणि ते ऐकायला मी आतुर झालो होतो. साडूंनी छत्री खाली घेतली. सावकाश ओट्यापाशी गेले, भिंतीला नाक लावलं, थोडा वेळ तसेच उभे राहिले.

"येतो हो काका," ते म्हणाले. "किंचित येतो. कोकमाचा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दहिसरचं घर माझ्या डोळ्यांदेखत चाललं होतं, आणि घालवत होता माझाच वकील! हिने माझा हात घट्ट धरून ठेवला म्हणून मी गप्प राहिलो.

मालकांनी डोळे पुसले. "तुमकाही येता ना? माका वाटलेला, माकाच." भिंतीवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले, "मगे रंग काढूचो नाय." काढायचाच नाही म्हटल्यावर कापायचं कशाचं? संध्याकाळी त्यांनी सगळे पैसे आणून दिले.

स्टेशनकडे जाताना मी साडूंना वडापाव घेऊन देऊ लागलो, तर म्हणाले, "नको रे. भूक नाही." भांडणानंतर त्यांनी खाण्याला नाही म्हटलेलं मी तेव्हाच पाहिलं. वास खरंच आला होता का, असं मी पुढे पुष्कळदा विचारलं. दर वेळी ते दुसऱ्याच कुणाच्या तरी भांडणाचा विषय काढत.

आता साडू नाहीत. मेहुणी मुलाकडे राहायला गेली, तेव्हा कांजूरमार्गची खोली रिकामी करायला आम्ही दोघं गेलो होतो. नवा मालक दुसऱ्या दिवशी रंगारी आणणार होता. दाराआड खुंटीला छत्री तशीच लटकत होती. ती काढता काढता मी सहज भिंतीशी नाक नेलं. तेल, इस्त्रीचा शर्ट, रविवारचा बांगडा, काहीतरी सापडेल म्हणून हुंगत राहिलो. नव्हतं काही, चुनाच होता.

ही मागे येऊन उभी राहिली होती. "येतो का हो?" तिने विचारलं.

"येतो," मी म्हणालो. "किंचित येतो."