बोर्ड उघडत होता

पूर मदतीसाठी आमच्या कॉलमला, म्हणजे फौजी तुकडीला, जालना जिल्ह्यात जायचा हुकूम आला, तेव्हा अख्ख्या कॉलममध्ये या जिल्ह्याचे आम्ही दोघंच होतो. मी सिग्नलचा हवालदार, घर जालना शहरात, मस्तगडला. दुसरा लान्स नाईक सोपान गाडेकर, बदनापूरजवळच्या खेड्यातला, रेडिओ ऑपरेटर. बाकीचे नकाशा बघत होते. सोपान ट्रकच्या फळीवर बसून कुठला ओढा रस्त्यावर येतो ते सांगत होता.

"उस्ताद, नोकरीत पहिल्यांदा घराकडं चाललो अन् सुट्टी न्हाई," तो म्हणाला. "आईला कळलं तर डबा घेऊन निघंल ती."

"मंग सांगू नको."

"सांगून राह्यलो थोडीच."

कुंभार पिंपळगावच्या एका शाळेत कंट्रोल रूम लागली. गोदावरीचं पाणी काठच्या उसात घुसलं होतं. वस्त्यांचे रस्ते तुटले होते. बोटी दोन. बोट वन वरच्या उतारावरून सुटायची, बोट टू खालच्या. सोपान बोट टूवर होता. मी वर्गखोलीत, सर्व्हरपाशी.

फौजेत काय केलं असं लोक विचारतात. सर्व्हर सांभाळला म्हटलं की पुढं कुणी विचारत नाही. म्हणून नीट सांगतो. मोठी कामं आम्ही एका सॉफ्टवेअरवर चालवायचो. प्रत्येक काम त्यावर टाकायचं, कुणाकडं दिलं, किती झालं, सगळं एका पानावर दिसायचं. त्या पानाला आम्ही बोर्ड म्हणायचो. इथं प्रत्येक वस्ती म्हणजे एक काम. माणसं बाहेर काढायची बाकी असली की लाल, काढून झाली की हिरवी. बोटीवरचा माणूस काठाला आला की टॅब्लेटवर नोंद करायचा आणि ती सगळ्यांना दिसायची. रेडिओवर गर्दी नको म्हणून मेजर साहेबांचा हुकूम होता: रेडिओ फक्त अडचणीला, बाकी सगळं बोर्डावर.

हुकूम चुकीचा नव्हता. आधीच्या दोन दिवसांत बोर्डानं चांगलं काम केलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी बोर्ड उघडायला गेलो. उघडला. वस्त्या दिसत होत्या, रंग दिसत होते. पण एकही रंग बदलत नव्हता. चहा झाला, तरी तेच. पाण्यावर दोन बोटी फिरताहेत आणि बोर्डावर काहीच घडत नाही, हे शक्य नव्हतं.

मी सर्व्हरच्या आत गेलो. बोटींच्या नोंदी येत होत्या, पण रांगेत अडकून पडत होत्या. रांग पुढं सरकवणारी सर्व्हिस बंद. ती चालू केली, लगेच पुन्हा बंद पडली. लॉग, म्हणजे सर्व्हरची स्वतःची रोजनिशी, वाचला. ती सर्व्हिस ज्या खात्यावर चालायची, त्या खात्याच्या पासवर्डची मुदत संपली होती. नियमानं पासवर्ड ठरावीक काळानं मरतो. माणसाचं खातं असेल तर माणसाला आधी सूचना येते. हे खातं मशिनचं होतं. मशिनला सूचना कोण देणार?

पासवर्ड बदलायचा अधिकार माझ्याकडं नव्हता. तो मागच्या हेडक्वार्टरला. फोन लावला. तिथं एक सुभेदार होते.

"टिकट डालो," ते म्हणाले. म्हणजे दुरुस्तीची मागणी सॉफ्टवेअरवर नोंदवा.

"साहब, टिकट उसी सर्व्हर पे डलता है. वहां कुछ आगे नहीं जा रहा."

"बिना टिकट रीसेट नहीं होता. रूल है."

"साहब, यहां बाढ़ है."

"तो जल्दी टिकट डालो."

मी फोन ठेवला नाही. ठेवला असता तर आपटला असता. हळू आवाजात विचारलं, मंजुरी कुणाची लागेल. त्यांनी एका कर्नल साहेबांचं नाव सांगितलं. ते कॉन्फरन्समध्ये होते.

मी मेजर साहेबांकडं गेलो. ते बाहेर व्हरांड्यात गावच्या लोकांशी बोलत होते. मी सॅल्यूट केला.

"साहब, बोर्ड को बंद मानिए. दोनों बोट को रेडिओ पे लाइए."

त्यांनी हातातला टॅब्लेट माझ्याकडं वळवला. "चल तो रहा है."

"खुल रहा है साहब. चल नहीं रहा. ये सुबह की तस्वीर है."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग टॅब्लेटकडं. इतकं स्वच्छ दिसणारं पान खोटं आहे हे कुणालाही पटकन पटत नाही. चूक दिसायला हवी होती, लाल अक्षरात, मोठी. सॉफ्टवेअरनं तेवढंही केलं नव्हतं. साहेबांनी कर्नलांना फोन लावला, लागला नाही. मग ते म्हणाले, "ठीक है. ले आओ रेडिओ पे."

मी आत धावलो.

"बोट वन, कंट्रोल. तुमची स्थिती सांगा. ओव्हर."

"कंट्रोल, बोट वन. नदीकाठची धनगर वस्ती सकाळीच खाली केली. माणसं बराबर काठाला. मेंढरंबी वरच्या माळावर. नोंद केली आहे. ओव्हर."

मी बोर्डाकडं पाहिलं. धनगर वस्ती लाल होती. आणि लाल राहिली म्हणून खालच्या उतारावरच्या बोटीला ती पुढचं काम म्हणून दिसत होती.

"बोट टू, कंट्रोल. कुठं आहात? ओव्हर."

सोपानचा आवाज आला. मागं इंजिन वाजत होतं. "कंट्रोल, बोट टू. धनगर वस्तीकडं चाल्लो. उसातून धार लई जोरात आहे. ओव्हर."

"बोट टू, परत फिरा. वस्ती खाली आहे. पुन्हा सांगतो, वस्ती खाली आहे. ओव्हर."

"कंट्रोल, आवाज तुटून राह्यला. वस्ती काय? परत सांगा. ओव्हर."

मी परत सांगितलं. पुन्हा सांगितलं. उत्तर आलं नाही.

नंतर कळलं ते असं. पुरानं आडव्या झालेल्या खांबाची तार पाण्याखाली ताणलेली होती. वीज बंद होती, पण तार तारच. इंजिन त्यात गुंतलं, बोट आडवी झाली आणि उलटली. तिघं उसाला धरून राहिले, बोट वननं त्यांना काढलं. सोपानच्या लाइफ जॅकेटचा पट्टा तारेत अडकला होता. त्याला काढलं तेव्हा तो गेलेला होता.

दुपारी हेडक्वार्टरनं पासवर्ड बदलला. सर्व्हिस चालू झाली. रांग सरकली आणि अडकलेल्या नोंदी एकामागून एक चढल्या. धनगर वस्ती हिरवी झाली. मग सर्व्हरनं त्याचं काम नेमानं केलं. बोट टूचं काम आपोआप रद्द केलं आणि सोपानच्या खात्यावर संदेश पाठवला, की आपल्याला दिलेल्या कामाची आता आवश्यकता नाही. तो संदेश मी स्क्रीनवर पाहिला. खोलीत आणखी दोघं होते. त्यांनीही तो वाचला.

चौकशी झाली. पाण्याखालची तार, असं कारण नोंदलं गेलं, आणि ते खरंच होतं. सर्व्हरबद्दल एक ओळ होती: तांत्रिक अडचण आली, ती दूर करण्यात आली. मी लेखी कळवलं की अशा खात्याचा पासवर्ड मरण्याआधी माणसाला कळायला हवं, आणि पानावर शेवटची नोंद कधीची आहे ते ठळक दिसायला हवं. पत्र मिळालं, असं उत्तर आलं. त्यापुढं काही आलं नाही. मी दोनदा आठवण करून दिली. दोन्ही वेळा तेच वाक्य.

आता मी निवृत्त आहे. जालन्यात एका बियाणे कंपनीत त्याच प्रकारचा सर्व्हर बघतो. कंपनीतली पोरं म्हणतात, काका फार चिडतात. पान उघडतंय ना, असं कुणी म्हटलं की मी चिडतो, हे खरं आहे.

सोपानच्या वडिलांकडं मी दरवर्षी जातो. पहिल्या वर्षी घरात माणसं होती, बोलणं झालं नाही. दुसऱ्या वर्षी आम्ही दोघंच ओट्यावर बसलो होतो. त्यांनी विचारलं, "साहेब, लोकं म्हणतात माणसं वाचवताना गेला. तिथं माणसं होती का?"

मला खोटं बोलता आलं असतं.

"न्हाई बाबा. वस्ती रिकामी होती. सकाळीच काढलं होतं सगळ्यांना. आमच्या मशिननं त्याला सांगितलंच न्हाई."

 गावाजवळून रेल्वे गेली, तिचा आवाज थांबेपर्यंत ते थांबले.

"त्याला ठावं न्हवतं ना पण?"

"न्हाई. त्याला माणसं आहेत असंच वाटत होतं."

"मंग तो माणसांकडंच चाल्लता," ते म्हणाले, आणि चहा सांगायला आत गेले.